चरवीतली ओल

आमच्या घरात म्हशीची धार कोरड्या चरवीत कधी काढली नाही. चरवी घासायची, विसळायची, पालथी घालून ठेवायची आणि गोठ्यात जाताना तिच्या तळाला चूळभर पाणी घालायचं. या पाण्याला आमच्याकडे 'ओल' म्हणत. कोरड्या भांड्यावर पहिली धार पडली की कासही कोरडी पडते, असं आज्जी, म्हणजे वडिलांची आई, सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, आणि तिनं माझ्या आईला लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. आणखी एक नियम होता. एकदा घातलेली ओल परत सांडायची नाही. चुकून जास्त पडली तरी तिच्यावरच धार काढायची. मला हे सगळं पाठ होतं, कारण ओल घालायचं काम माझं होतं.

एवढं सविस्तर सांगते आहे त्याला कारण आहे. या पाण्यानं माझ्या वडिलांना मोठं केलं आणि माझ्या आईला गावात लबाड ठरवलं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी झाल्या, आणि त्या सकाळी पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता.

आमचं गाव निपाणी आणि बोरगावच्या मधलं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, चौथी शिकलेले. तंबाखू, शाळू, थोडा ऊस आणि दावणीला दोन म्हशी. आवाज असा की वरच्या शिवारातून हाक मारली तर घरात आई चुलीवर आधण ठेवायची. गावातलं दूध तेव्हा एक गवळी निपाणीच्या हॉटेलांना घालायचा. त्याच्या मापाचा तळ आतून ठोकून खाली काढलेला होता, त्यामुळे त्यात जरा जास्तच दूध मावायचं. हे साऱ्या गावाला माहीत होतं. सगळे हसायचे आणि रोज त्याच मापानं दूध घालायचे.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला अण्णा कोल्हापूरकडच्या एका पाहुण्यांकडे बारशाला गेले आणि दोन दिवस उशिरा परत आले. आई काळजीनं अर्धी झालेली. विचारलं तर म्हणाले, "त्यांच्या गावात दुधाची संस्था हाय. बघत बसलोतो." बारसं कसं झालं, मुलाचं नाव काय ठेवलं, यातलं त्यांना काही सांगता येईना. लोकांनी आपलं दूध आपणच मोजायचं, आपणच तपासायचं आणि आपल्याच टेंपोनं पाठवायचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात जी शिरली ती शेवटपर्यंत निघाली नाही.

मग सुरू झालं त्यांचं हिंडणं. दिवसभर रानात, संध्याकाळी लोकांच्या सोप्यात, ओसरीवर. बेळगावच्या कचेरीत किती खेपा घातल्या ते त्यांनाच ठाऊक. अण्णांना कन्नड येत होतं, पण ते बाजारातलं. कचेरीतल्या कागदावरचं कन्नड वेगळंच. ते समजून घेण्यासाठी ते एका कारकुनाला चहाला न्यायचे आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचून घ्यायचे. शेवटी मंजुरी आली. चावडीशेजारच्या खोलीवर बोर्ड लागला, वर कन्नड, खाली मराठी. अण्णा चेअरमन झाले. त्या दिवसापासून गावानं त्यांना नावानं हाक मारली नाही.

अण्णांवर मी पुढे आयुष्यभर रागावले. पण एक गोष्ट मी अजूनही मान वर करून सांगते. पहिल्याच आठवड्यात गावातली काही बडी माणसं त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, बौद्ध गल्लीतलं दूध वेगळ्या कॅनमध्ये ओता. अण्णा म्हणाले, "दुधाला गल्ली नसती. कॅन एकच." त्या माणसांनी पंधरा दिवस दूध घातलं नाही. अण्णांनी त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही. सोळाव्या दिवशी त्यांची दुधं आपोआप रांगेत आली. आली, पण डोळे उघडे ठेवून आली. कुठं काय चुकतंय ते बघायला.

दूध तपासायला संस्थेत काचेची नळी होती. दुधात सोडली की तरंगायची. तिला सगळे 'डिग्री' म्हणत. दुधात पाणी असलं की डिग्री खोल बुडायची. एका सकाळी बौद्ध गल्लीतल्या एका आक्कांच्या दुधात ती बुडाली. अण्णांनी दूध परत केलं. आक्कांनी भांडं उचललं, पदर खोचला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलल्या, "व्हय चेअरमन, घेऊन जाते. पर डिग्री तुमच्या घरच्या दुधात बी बुडवा की कवातरी."

रांगेतली ती बडी माणसं गालातल्या गालात हसली. आक्कांचं म्हणणं खरंच होतं. आमचं दूध संस्थेचा सेक्रेटरी न तपासताच कॅनमध्ये ओतायचा. चेअरमनच्या घरचं दूध कसं तपासायचं, म्हणून त्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. अण्णांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना ते लागलं. तिथंच त्यांनी सांगितलं, "उद्या पयलं दूध माझ्या घरचं. समद्यांच्या म्होरं."

घरी मात्र त्यांनी यातला एक शब्द सांगितला नाही. का सांगितला नाही, हे मी त्यांना पुढे विचारलं. म्हणाले, "सांगितलं असतं तर तयारी केल्यागत झालं असतं." असा माणूस. बायकोला कळू न देता बायकोची परीक्षा घ्यायची, यालाच ते प्रामाणिकपणा समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणतणत होते. अण्णा टेंपोबरोबर निपाणीला जाणार होते आणि मला चपला घ्यायला नेतो म्हणाले होते. आईनं शाळा बुडवायची नाही म्हणून अडवलं. मी सातवीत होते. चपलेपायी जग बुडालं असं वाटायचं वय. आई गोठ्याच्या दारातून म्हणाली, "ओल घाल गं चरवीत." मी तांब्या घेतला आणि रागानं सगळाच्या सगळा चरवीत उपडा केला.

आईनं चरवीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "लई झालं गं," एवढंच म्हणाली. चिडली नाही. घातलेली ओल सांडायची नाही, म्हणून तशीच म्हशीखाली बसली, मांड्यांत चरवी धरली आणि धार काढायला लागली. पाण्यावर पहिल्या धारेचा आवाज कसा येतो तो मला माहीत होता. त्या दिवशी तो जरा वेगळा आला, आणि तोही मी ऐकला.

रोज संस्थेत दूध मी एकटीच न्यायचे. पण त्या दिवशी मी फुगलेली, वाटेत सांडीन म्हणून आई बरोबर आली. संस्थेपुढं नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी होती. आम्हाला बघून सगळे बाजूला झाले आणि वाट करून दिली. आईला वाटलं, काहीतरी कौतुकाचं असेल. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

सेक्रेटरीनं दूध उंच भांड्यात घेतलं आणि डिग्री सोडली. ती बुडाली. त्यानं अण्णांकडे बघितलं, दूध ढवळलं आणि पुन्हा सोडली. पुन्हा बुडाली. आक्का रांगेत होत्या, त्यांनी आईच्या तोंडाकडे बघितलं.

"पाणी घातलंयस?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय," आई म्हणाली.

"मग डिग्री खोटं बोलतीया व्हय?"

"पाणी न्हाय घातलं. ओल हाय नुसती."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. "ओल!" दुसरा म्हणाला, आणि मग बरेच जण हसले.

अण्णांना ओल माहीत होती. ती घातलेलं दूध पिऊनच ते वाढले होते. पण चूळभर पाण्यानं डिग्री इतकी खाली जात नाही, हेही त्यांना एव्हाना चांगलं कळत होतं. म्हणजे बायको सगळ्यांसमोर खोटं बोलते आहे, असंच त्यांना वाटलं. त्यांनी आईच्या हातातून चरवी घेतली, बाहेर येऊन गटारीत रिकामी केली आणि म्हणाले, "हितं चेअरमनची बायको कोण न्हाय. हितं समदे सभासद."

दूध गटारीतून चावडीच्या पायरीपर्यंत गेलं. एक कुत्रं आलं आणि चाटायला लागलं. त्या बड्या माणसांतला एकजण पुढं आला आणि म्हणाला, "चेअरमन, मानलं." बाकीच्यांनीही माना हलवल्या. अण्णांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटतं, त्या क्षणी ते संस्थेचे खरे चेअरमन झाले. त्यानंतर डिग्रीवर कुणी तोंड उघडलं नाही.

आई कोपऱ्यातल्या नळावर गेली आणि चरवी विसळायला लागली. मी तिचा पदर धरून उभी होते. मला फक्त चार शब्द बोलायचे होते. माझ्या हातनं जास्त पडलं. एवढंच. सगळे तिथंच होते, अण्णा होते, सेक्रेटरी होता. आईनंही ते सांगितलं असतं तर पोरीची चूक म्हणून सगळे हसून मोकळे झाले असते. ती बोलली नाही, कारण मग ते हसणं माझ्या वाट्याला आलं असतं. आणि मी का बोलले नाही, तर मी भित्री होते. याहून चांगलं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

दुपारी जेवताना अण्णांनी पुन्हा विचारलं, "खरं सांग, किती घातलंतंस?" आई म्हणाली, "जेवा." भाकरी वाढली, आमटी वाढली. माझ्याही ताटात वाढलं, आणि मला ती एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी गोठ्यात जायची वेळ झाली तेव्हा तिनं चरवी अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "आजपास्नं धार तुमी काढा," म्हणाली.

अण्णांनी काढून बघितली. म्हशींना आईच्या हाताची सवय. एक लाथ झाडायची, दुसरी पान्हाच सोडायची नाही. शेजारचा एक माणूस धार काढायला ठेवला. तोही कंटाळला. तीन-चार महिन्यांत दोन्ही आटल्या आणि अण्णांनी त्या विकल्या. दुधाच्या संस्थेच्या चेअरमनचा गोठा रिकामा झाला. घरी पाहुणे आले की चहाला दूध संस्थेतून यायचं. आई सगळ्यांना दुधाचा चहा द्यायची आणि स्वतः कोरा प्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पित्त हुतंय मला दुधानं." तिला कधीच पित्त नव्हतं.

अण्णांचं नाव वाढत गेलं. आसपासच्या गावांतून संस्था काढायच्या म्हणून लोक त्यांना न्यायला येऊ लागले. आधी सायकलवरून, मग मोटारसायकलवरून, मग जीपमधून. ते चांगलं काम करत होते, हे मी नाकारणार नाही. बायकांच्या नावानं सभासदत्व द्या, म्हैस बाईच सांभाळते, असं ते भर सभेत सांगायचे, तेव्हा पुरुष खाली माना घालायचे. बेळगावला जिल्ह्याच्या दूध संघावर ते निवडून गेले. आणि प्रत्येक गावात, प्रत्येक भाषणात ती गोष्ट असायचीच. "माझ्या घरची ओलसुद्धा मी चालू दिली न्हाय!" इथं टाळ्या पडायच्या. गोष्ट सांगता सांगता सुधारत गेली. चरवीची घागर झाली. आई रडून पाया पडली, असंही तीत आलं. आई रडली नव्हती. मी तिच्याजवळ उभी होते.

आमच्या गावात तर 'ओल' हा शब्दच फिरला. पाणी घातलेल्या दुधाला लोक ओल म्हणायला लागले. रांगेत कुणाचं दूध पातळ दिसलं की, "आज लई ओल हाय वाटतं," आणि हशा. बायकांनी लाजेनं चरवीत पाणी ठेवायचंच सोडून दिलं. आज्जीच्या सासूपासून चालत आलेली रीत वर्षभरात गावातून गेली. कुणाची कास त्यामुळे कोरडी पडली नाही, हेही खरं.

एका लग्नात आई पंगतीत ताक वाढत होती. एक बाई वाटी पुढे करत म्हणाली, "बघा गं, ओल असंल." सगळी पंगत हसली. आईही हसली. हातातला डाव तिनं तसाच पुढं नेला आणि पुढच्या बाईला वाढलं. मी त्याच पंगतीत समोर बसले होते. मान खाली घालून भात कालवत राहिले. त्यानंतर ती चार बायकांत फारशी गेली नाही. घरी काम आहे म्हणायची. म्हशी नसलेल्या घरात असं किती काम असतं?

मी कॉलेजला बेळगावात होते. पहिल्या वर्षी गॅदरिंगला एक पाहुणे आले आणि त्यांनी प्रामाणिकपणावर बोलता बोलता 'सीमाभागातल्या एका साध्या शेतकऱ्याची' गोष्ट सांगितली. पत्नीचं भेसळीचं दूध गटारीत ओतणाऱ्या शेतकऱ्याची. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. शेजारच्या मैत्रिणीला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, वाजवल्या नसत्या तरी कुणाच्या ध्यानात आलं नसतं, तरी मला थांबायचं धाडस झालं नाही. त्या टाळ्या मला आजही हातांत जाणवतात.

शेवटच्या वर्षी सुट्टीत गावी गेले तेव्हा एसटीतून उतरताना त्या आक्का भेटल्या. आता थकल्या होत्या. त्यांचा मुलगा शिकून बेळगावात नोकरीला लागला होता, त्याच्याकडे निघाल्या होत्या. त्यांची गाडी यायला वेळ होता म्हणून आम्ही थांब्यावर बसलो. त्यांनी आईची चौकशी केली. मग आपणहूनच म्हणाल्या, "मी घातलंतं गं पाणी त्या दिवशी. बापय माणूस आजारी, म्हस आटलेली. म्हणून मला परत पाठवलं तवा काय वाटलं न्हाय. तुझ्या आईनं न्हाय घातलं. तिला ते लागलं. तिच्या तोंडाकडं बघितलं आन् मला कळलं. मी बोलाय पायजे हुतं. पर माझ्या बोलण्यानंच सारं झालंतं."

गाडी आली. त्या चढल्या. खिडकीतून म्हणाल्या, "सांग तिला, मी इचारलं म्हणून."

मी घरी पोचले. अण्णा सोप्यात चष्मा लावून संघाचे कागद वाचत बसले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं. चपला, तांब्या, सगळं. अण्णांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला.

"तांब्या पुरा?" त्यांनी विचारलं.

"पुरा."

"आन् तिनं बघितलं?"

"लई झालं गं, म्हणाली."

अण्णा उठले. आत स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "चहा ठेवू?" ते दाराची चौकट धरून उभे राहिले. मग तसेच परत सोप्यात आले. त्यांना जिल्ह्याच्या सभेत बोलता यायचं. घरातल्या घरात ते जमलं नाही. मला म्हणाले, "म्हैन्याभरात संस्थेला दहा वर्सं हुत्यात. कार्यक्रम हाय. चारचौघांत गेलंय, चारचौघांतच आणतो."

मी तो महिना मोजून काढला. आईचं नाव परत येणार, एवढाच विचार होता. तिच्यासाठी मी बेळगावातून नवं लुगडं आणलं. नको नको म्हणत तिनं ते नेसलं आणि कित्येक वर्षांनी संस्थेच्या दारात गेली. आता तिथं पक्की इमारत होती. मांडवात बायकांच्या बाजूला मी तिला पुढं बसवलं.

अण्णा बोलायला उभे राहिले. नेहमीचा आवाज नव्हता. म्हणाले, "ती गोष्ट मी गावोगाव सांगितली. ती खोटी हाय. माझ्या मालकिणीनं दुधात पाणी घातलं न्हवतं. पोरीच्या हातनं जादा पडलंतं. ती खरं बोलत हुती आन् मी तिला समद्यांच्या म्होरं खोटी पाडली. मी चुकलो." आणि ते रडायला लागले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत तिथंच उभे राहिले.

मग टाळ्या सुरू झाल्या. बेळगावहून आलेल्या पाहुण्यांनी माइक हातात घेतला. म्हणाले, "बघा! याला मोठं मन म्हणतात. पत्नीचा दोष आज भरसभेत स्वतःच्या अंगावर घेतला. लेकीचं नाव पुढं केलं, पण पत्नीची लाज राखली!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. अण्णा "न्हाय, न्हाय, तसं न्हाय," म्हणून हात हलवत होते. लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटला. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली.

मी उठून उभी राहिले. "ओल मी घातलीती!" असं ओरडले. निदान मला तरी वाटतं की ओरडले. शेजारच्या बाईनं हाताला धरून खाली ओढलं आणि म्हणाली, "बस गं, बापाचा मान हाय आज." माझ्या पलीकडे आई बसली होती. तिच्या मागची एक म्हातारी कौतुकानं तिच्या पाठीवर थोपटत होती, "नशीब काढलंस बाई. असा नवरा मिळत न्हाय." आईनं मान हलवली.

घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. मग मला विचारलं, "तू सांगितलंस व्हय त्यांस्नी?"

"व्हय."

"कशाला गं? आता तुलाबी कोण खरं म्हणायचं न्हाय." थोडा वेळ ती घडीवरून हात फिरवत राहिली. "तेवढं एक मी तुझ्यासाठी केलंतं," म्हणाली.

त्यानंतर अण्णांनी एक म्हैस आणली. नव्या दावणीला बांधली, नवी चरवी घेतली, तिच्यात आपल्या हातानं चूळभर पाणी घातलं आणि आईपुढं धरली. एवढा मोठा माणूस, अंगणात चरवी घेऊन उभा. आईनं आत वाकून बघितलं. ओल बरोबर होती, जास्त नाही, कमी नाही. ती म्हशीखाली बसलीसुद्धा. पण तिच्या बोटांचे सांधे तोवर धरले होते. मुठी वळत नव्हत्या. दोन-तीनदा ओढून तिनं हात मांडीवर ठेवले. "आता न्हाय येत," म्हणाली. म्हशीला काही कळलं नाही, ती रवंथ करत राहिली. अण्णा आत गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत. त्यांच्यावरचा राग मी तिथंच सोडायला हवा होता. सोडला नाही.

पुढच्याच वर्षी आई आजारी पडली. बेळगावला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. संघाची माणसं येऊन जात होती, फळं आणत होती. "चेअरमनसाहेबांच्या मंडळी" म्हणून नर्ससुद्धा अदबीनं वागायच्या. अण्णा दिवसदिवस कॉटजवळ स्टुलावर बसायचे. एकदा मी आत आले तर ते तिची बोटं एकेक करून चोळत बसले होते. मला बघून त्यांनी हात सोडला.

तो दिवस उन्हाचा होता. खिडकीला ओला पडदा लावला होता. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की आता काही उरलेलं नाही. अण्णा कुणाशी तरी बोलायला बाहेर व्हरांड्यात गेले. आईनं ओठ हलवले, म्हणून मी चमच्यानं पाणी द्यायला गेले. चमचा नीट धरवेना, म्हणून फुलपात्रच तिच्या तोंडाला लावलं. पाणी जास्त आलं. हनुवटीवरून गळ्याकडे ओघळलं, उशी भिजली. मी घाबरून पदरानं पुसायला लागले.

आईनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लई झालं गं."

चिडली नव्हती. त्या सकाळी गोठ्यात म्हणाली होती तसंच, त्याच आवाजात म्हणाली. ती फक्त पाण्याबद्दल बोलत होती, की मला काही सांगत होती, ते मला कळलं नाही. त्यानंतर ती काही बोलली नाही. तासाभरात गेली.

अण्णा दारात उभे होते. कधी आले ते मला कळलं नव्हतं. तिचे ओठ हललेले त्यांनी बघितले होते. पुढं येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली?"

माझ्यासाठी काही म्हणाली का, असं त्यांना विचारायचं होतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी फुलपात्र खाली ठेवलं.

"पाणी पुरे म्हणाली," मी म्हणाले.